दंडाची नोंद

आगशीच्या धक्क्यावरून निघालो तेव्हा भरती अर्ध्यावर होती.
होडी सांतानची. माझ्या पिशवीत लिसेवातला शब्दकोश,
'झ'नंतरची पानं गळालेला,
आणि पुराभिलेखातून आणलेल्या सतरा झेरॉक्स प्रती.

बेटावर सव्वीस घरं. त्यांना पुरावा हवा होता
की ती आहेत.
आज आहेत ते दिसतंच,
पण कायद्यासाठी आधीपासून असावं लागतं.
मरीनाच्या आराखड्यात बेट नुसतं हिरवं आहे,
एका कोपऱ्यात छत्री आणि खुर्ची.

कपेलच्या ओसरीत सगळी जमली.
जाळं सांधणारे हात काही थांबले नाहीत.
मी वाचत गेलो: डोळ्यांनी पोर्तुगीज,
मनात मराठी, तोंडाने त्यांची कोकणी.

सतराशे सत्त्याण्णवचा तोंब:
माड चाळीस, खाजण एक, मिठागर मोडकं.
माणसं लिहिलेली नाहीत.

एक नकाशा. बेटाच्या जागी
शाईचा थेंब, मुद्दाम टाकलेला की सांडलेला
ते कळत नाही.

बाप्तिस्म्याची वही. इझिदोर, बाप पागी.
कायतान, बाप पागी.
रेजिना, तिचा बाप वाळवीने खाल्ला.
पण वही पलीकडच्या चर्चची,
आणि गावाच्या रकान्यात पलीकडचाच गाव.
यायला-जायला होडी लागायची,
तेवढी होडी कुणी नोंदली नाही.

"आमच्या आजान सांगलां," एक म्हातारा सुरू झाला,
पटकीच्या साली इथे अकरा खुरीस उभे राहिले,
लाकूड संपलं तेव्हा वल्ह्यांचे केले.
मी मान हलवली. वकील याला तोंडी म्हणतो.
ज्यांची सगळी मालमत्ता तोंडात,
त्यांना हे कसं सांगायचं?

मग सोळावं पान.
अठराशे त्रेचाळीस, तेरा ऑगस्ट, रविवार.
"बेटावर राहणारे पागी पाश्कोल, त्याचा भाऊ मिंगेल
आणि विधवा आपोलोनिया
मिसेच्या वेळी जाळं टाकताना सापडले.
दंड प्रत्येकी दोन अशर्फी.
अशर्फी नाहीत, सबब जाळं जप्त.
मासळी विगाराच्या स्वयंपाकघरात जमा."

मी पुन्हा वाचलं. बेटावर राहणारे.
तारीख, तीन नावं, खाली शिक्का.
इतकी वर्षं गुडघे टेकले ते कुणी मोजले नाहीत,
एक रविवार चुकला
आणि ही माणसं कागदावर आली.

सांतानने टाळी वाजवली, मग कपेलकडे बघून हात आवरला.
कुणाला हसू फुटलं. कुणी खुरीस काढला.
पिएदाद माय मात्र जाळ्यातून सुई काढून
माझ्याकडे बघत राहिली.
"आनी मासळी? खंयची आशिल्ली?"

शब्द एकच होता. पेइश. मासळी.
लिहिलं नाही, मी म्हणालो.
"ऑगस्टांत, ह्या तोंडार?" तिने सुई परत खुपसली.
"चणक. आनी कितें?"
मग थोड्या वेळाने, स्वतःशीच:
"विगारान कांट्यांसयत खावंक जाय आशिल्लो."

एका मुलाने विचारलं, जाळं परत दिलं का?
सतराव्या पानावर मागच्या पानाची शाई उतरलेली,
उलटी अक्षरं, मध्ये भोकं.
मी ते उजेडात धरलं. भोकांतून नदी दिसली.

निघताना पिशवीत शिनाणे भरून दिले,
शब्दकोशाच्या वर, ओल्या पोत्यात.
शब्दकोश भिजला. भिजू दे.

अर्ध्या पात्रात सांतान म्हणाला,
उद्या रविवार. मिस आठाला.
भरती साडेसाताला.

मी काही विचारलं नाही.