तीन वाव, चिखल

विटाव्याला आमच्या शेडमध्ये थोर माणसं
फळीवर ओळीने सुकत असतात.
एक संत, दोन सुधारक,
एक शास्त्रज्ञ, त्याचं नाक घुशीने नेलेलं.
कोटाचा साचा एकच, तो सगळ्यांना होतो.
क्षितिजाकडे बोट दाखवणारा हात मात्र
बाबा वेगळा ओतून ठेवतात.
कमिट्यांना तो लागतोच.

दिवाळ्याहून हिराजी मढवी आले, मागे चौघं.
आमच्या हाशा तांडेलाचा पुतळा करायचा, म्हणाले.
साहेबाचं गलबत खाडीतून वर नेणारा,
आख्ख्या खाडीचा तळ मोजणारा पहिला माणूस तो.
नकाशावर साहेबाचं नाव आहे,
निदान चौकात तरी आपलं असू दे.

फोटो?
नाही.
एखादं पत्र, पावती?
अंगठासुद्धा नाही कुठे.
मढवींनी खिशातून ॲडव्हान्स काढला.
मिशी भरघोस ठेवा, म्हणाले. आणि तलवार.

बाबा तलवारीवर काही बोलले नाहीत.
रविवारी मला स्कूटरवर बसवून
दिवाळ्याला गेले, गोमीबायकडे.
हाशाच्या नातवाची सून. वय विचारलं तर म्हणाली,
जेट्टी नव्हती तवाची.
सुपात करदी निवडत होती, मान वर न करता हसली.
"तलवार कंची? खाडीशी लराला?
त्याचे हातान दोरी व्हती. दोरीला शिसा."

मग सासूकडून ऐकलेलं सांगितलं तिने,
सासूने हाशाच्या लेकाकडून ऐकलेलं:
शिशाच्या बुडाला चरबी फासायची, सोडायचं,
तळ चिकटून वर येतो.
तीन वाव, चिखल.
साडेतीन, रेती.
दोन वाव, कालवं, सांभाळा.
साहेब लिहून घ्यायचा.
पण रात्री, धुक्यात, कंदील विझला की
हाशा तो चिखल जिभेवर ठेवायचा
आणि सांगायचा: घणसोली.
थुंकायचा.
पुन्हा शिसं, पुन्हा जीभ: दिवा आला, डावीकडे घ्या.
"बायकूचे आमटीला पन बोलाचा,
दोन वाव पानी जास्त झाला."

परतताना बाबा ऐरोलीपर्यंत गप्प.

आठ दिवसांत त्यांनी शाडूत एक डोकं केलं.
मान खाली, डोळे मिटलेले,
ओठ जरासे उघडे,
कुणाचं तरी नाव आता आठवेल असे.
हात तोंडाजवळ. अंगठ्यावर काहीतरी.
नाक माझ्या मामाचं होतं. मी ओळखलं, बोलले नाही.

कमिटी आली, बराच वेळ चहा पीत राहिली.
मागून कुणीतरी म्हणालं, हा तर तंबाखू मळतोय.
मढवी वाईट माणूस नव्हे.
कासारशेठ, म्हणाले, पुतळा खाली बघत असला
तर येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटेल
ह्याचं काहीतरी हरवलंय.

मग फळीवरचा हात निघाला.

तलवारीला परवानगी मिळाली नाही.
बाकी तो चौकात उभा आहे, मिशीसकट,
जन्मात न घातलेल्या कोटात,
बोट मॉलच्या पार्किंगकडे.
अनावरणाला गोमीबायला पहिल्या रांगेत बसवलं होतं.
पडदा पडला, टाळ्या झाल्या,
तिने माझा हात ओढून विचारलं, "यो कोन?"
चबुतऱ्याखाली भरावाची माती आहे.
जुन्या नकाशात त्या जागी
एक बारीक तीनचा आकडा.

खाली बघणारं डोकं अजून शेडमध्ये, ओल्या फडक्यात.
बाबा ते ओतत नाहीत, मोडतही नाहीत.
रोज संध्याकाळी पाणी शिंपडायचं काम माझं.

परवा ओहोटीला मी मागे खाडीत उतरले,
पोटरीपर्यंत.
बोटावर चिखल घेतला, कुणी बघत नाही बघून
जिभेवर ठेवला.
खारट.
मग गंजल्या खिळ्यासारखं.
मग काहीतरी, ज्याला माझ्याकडे नाव नाही.
थुंकले.
चार पावलं पुढे जाऊन
पुन्हा वाकले.