तांबं चालत नाही

चोवीस माग भंगारात गेले, किलोच्या भावानं.
मी बोल्ट मोजले फक्त: शहाण्णव.
फरशी तेवढी राहिली, भोकं पडलेली,
म्हणून नागूशेठ बिंगी म्हणाले, इथंच ठेवू समुद्र.
तेरा हजार लिटर.
पोरानं काचेचा नकाशा माझ्यापुढं धरला,
"जॉबर, वजन पेलंल का?"
म्हटलं, पस्तीस वर्षं हिनं धडधड पेललीय,
पाणी तर गप्प असतं.

गप्प नसतं. ते नंतर कळलं.

अक्कलकोट रोडला नळ पाचव्या दिवशी.
आम्ही टँकर बोलावला, तोही रात्री.
गाळून गाळून पाण्यातलं सगळं काढलं
आणि मग पोत्यानं मीठ ओतलं.
हसीनाबी दारात, कमरेवर रिकामी घागर.
बोट बुडवून चाखलं. थुंकल्या.
"बरंय, चोरीला जायचं भ्या नाही."
मी हसलो.
त्या हसल्या नाहीत.

सहा आठवडे समुद्रात कुणीच नाही.
शेठ खुर्ची टाकून दगड बघत बसायचे.
पोरगा नळीत थेंब सोडायचा:
हिरवं झालं म्हणजे अजून विष आहे,
पिवळं झालं की मासे आणू.
माझ्या बापाचे हात कोपरापर्यंत निळे होते,
मेला तेव्हाही.
रंग बघून थांबायची आम्हाला सवय आहे.

आधी भित्रे सोडायचे, दांडगे शेवटी,
दांडगा आधी आला की सगळा दगड त्याचाच.
(खात्यात तीन मुकादम बघितलेत मी.)
चेन्नईची खोकी पहाटेच्या गाडीनं आली.
जोकर मासे, पिवळा टँग, एक निळा
ज्याचं नाव पोरालाही नीट येईना.
पिशवीत थेंब थेंब नवं पाणी, सेकंदाला दोन.
नळीला गाठ मी मारली, ताण्याची,
बोटांना अजून आठवते.
निळा संध्याकाळी मेला.
बिल साडेसहा हजार, म्हणाला पोरगा,
आणि मग बराच वेळ काही म्हणाला नाही.

शेठना हवा होता न थांबणारा शार्क,
काळ्या टोकाचा, टीव्हीतला.
त्याला हे घर लहान, असं निघालं.
आला तो बांबू शार्क, हातभर, पट्ट्यापट्ट्यांचा,
सोलापुरी चादरीची किनार कापून काढावी तसा.
तळाशी गेला आणि वाळूवर आडवा पडला.
शेठ बघत राहिले. "चालत नाही का हा?"
"दिवसा असाच असतो, अप्पा."
"मग माग काय वाईट होते,"
म्हणाले शेठ, आणि चपला शोधू लागले.

रत्नम्मा कलश घेऊन आल्या, पाण्याची पूजा करायला.
पोरगा स्टुलावरनंच ओरडला,
"अम्मा, तांबं नको! शार्कला तांबं चालत नाही!"
त्या तशाच उभ्या, कलश तिरपा.
"मग कशाचं चालतं तुझ्या देवाला?"
"प्लास्टिकचं."
त्यांनी कुंकवाचं बोट काचेला लावलं, बाहेरनं.
काच पुसताना तेवढी जागा मी सोडतो.

मे महिना. रात्री दोनला लाइट गेली.
पंप बंद, चिलर बंद,
भिंती अजून दुपारच्या तापलेल्या.
जनरेटर उठेना.
मी स्टुलावर चढलो आणि बादलीनं
पाणी उपसून पाण्यातच ओतत राहिलो,
वरनं, उंचावरनं, हवा मिसळावी म्हणून.
पोरगा टॉर्च धरून, ओठ हलवत.
तेव्हा उठला तो.
या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत,
वळला, परत आला, परत वळला,
धोटा.
मागं सूत नसलेला धोटा.
आणि माझा डावा हात आपोआप वर गेला,
तुटलेला धागा धरायला.

लाइट आली तसा तो खाली गेला.

सकाळी शेठनी विचारलं,
रात्री काही हललं का?
पोरानं माझ्याकडं बघितलं.
म्हटलं, नाही.