पसंतीक्रम

तालुक्याहून आलेला तक्ता
मी प्रयोगशाळेच्या भिंतीला लावला.
'दहावीनंतर काय?'
निळे बाण, हिरवे बाण,
आयटीआय, तंत्रनिकेतन, अकरावी-बारावी,
पुढचं सगळं बारीक होत जाणाऱ्या अक्षरांत.
खालचा उजवा कोपरा ओल धरून आहे.
सगळे बाण तिकडेच जातात.

मी निदेशक. शिक्षक नव्हे,
मस्टरवर माझं नाव पेन्सिलीनं असतं.
सोमवार ते गुरुवार, मानधनावर,
सोल्डरिंग, प्लंबिंग, मातीपरीक्षण.
चाकणला सहा वर्षं एकाच पट्ट्याशेजारी उभा राहून
दिवसाला नऊशे वेळा एकच स्क्रू आवळलेला माणूस
मुलांना सांगतो, तंत्रज्ञानात खूप वाटा आहेत रे.
खोटं नाही ते.
पण सांगताना उजवं मनगट आपोआप फिरतं.

हर्षाली जोगल, दहावी ब.
जानेवारीत तिनं काकाचा फिशफाइंडर आणला
टॉवेलात गुंडाळून,
आजारी मांजर आणावं तसा.
पडद्यावर काही नाही. ना तळ, ना मासा.
बंदरावरचा माणूस म्हणाला होता, नवीन घ्या.
सहा स्क्रूंतले चार निघाले,
दोन गंजून एकजीव झालेले.
आत हिरवं पीठ,
खाऱ्या वाऱ्यानं तांब्याचं केलेलं.
तिनं जुन्या टूथब्रशनं पिना घासल्या, तार बदलली.
पहिला डाग थंड बसला,
दुसरा ओघळला,
तिसऱ्याला मात्र अशी चकाकी आली
की मीच गप्प झालो.
वरून तिनं ग्रीस चोपडलं.
ते मी शिकवलं नव्हतं.
'बाबा बेअरिंगाक लावतत.'

शाळेच्या टाकीत आम्ही त्याचा लोलक सोडला
आणि पडद्यावर तळ उमटला.
एक पूर्णांक चार मीटर.
टाकीत मासा नाही,
हेही यंत्रानं प्रामाणिकपणे सांगितलं.
दहावी ब नं टाळ्या वाजवल्या.

मग निकाल. चौऱ्याऐंशी टक्के,
आणि ज्याच्या त्याच्या तोंडी तिच्यासाठी एक बाण.
मुख्याध्यापिका : सायन्स घे, टक्के वाया जातील.
बोरिवलीची मावशी, फोनवर : कॉम्प्युटर.
काका, जाळ्याची गाठ दातात धरून :
'तार जोडूक कोर्स कित्याक व्हयो? तुका येता मा.'
आईनं पाटी उतरवून
फीचा आकडा तेवढा दोनदा विचारला.

अर्ज भरायला ती शाळेत आली.
रेंज फक्त तिसऱ्या पायरीवर येते.
पसंती क्रमांक एक.
पुढची चौकट लुकलुकत राहिली.
'सर, तुम्ही काय भरलं असतंत?'
मी तंत्रनिकेतन भरलं होतं, म्हणालो.
'तेव्हाचं नाही. आता.'

समोर बंदीतल्या होड्या,
वर ओढून झावळ्यांनी शाकारलेल्या.
प्रत्येकीच्या पोटात एक पडदा,
पडद्यामागे ते पीठ
दोन महिने बसून वाढणार.
ऑगस्टात निम्म्या आंधळ्या उठतील.
हे मला तिला सांगायचं होतं.
हेही सांगायचं होतं की जा, लांब जा,
पट्ट्याशेजारी उभी राहू नकोस, पण जा.
दोन्ही वाक्यं एकदम तोंडाशी आली
आणि मी विचारलं,
'मोबाइल चार्ज आहे ना?'

इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक.
तिनं निवडलं, काढलं, पुन्हा निवडलं.
दुसऱ्या ओळीतही तेच, फक्त गाव वेगळं.
तिसरी ओळ कोरी ठेवली.
'चालता?'
चालतं.
'थंय ग्रीस शिकवतत?'
माहीत नाही गं.
'मगे डबो मीच नेतंय.'

तेवढ्यात रेंज गेली.
अर्ज गेला की नाही ते कळेना.
आम्ही दोघं तिसऱ्या पायरीवर
मोबाइल उंच धरून बसून राहिलो.