चेंडू समुद्रात गेल्यावर

फुटबॉलची पुस्तकं आमच्याकडे दीड फळी.
वर मेंढ्यांचे आजार, खाली बायबलवरची भाष्यं,
मध्ये ती.
हामरवीकचं वाचनालय म्हणजे
जुन्या मासळी-गोदामातली एक खोली.
फेरो बेटांवर डिसेंबरात तीनलाच दिवा लावावा लागतो.

हानुस येतो मंगळवारी.
टोपी रेडिएटरवर वाळत घालतो, विचारतो,
"मार्यून, फुटबॉलवर काही आलंय?"
जणू आठवड्यात दीड फळीच्या दोन झाल्या असतील.

आधी मी त्याला दिलं एका स्ट्रायकरचं आत्मचरित्र.
गुळगुळीत कागद, मध्ये रंगीत फोटो.
परत देताना म्हणाला, "गडी चांगला आहे,
पण चारशे पानांत त्याच्या बुटात
एकदाही पाणी गेलं नाही."

मग डावपेचांचं. पानोपानी बाणच बाण.
"यात वारा कुठल्या बाजूनं आहे?"
मी पान उलटंसुलटं करून पाहिलं.
वारा नव्हता.

एका पंचाच्या आठवणी मात्र आवडल्या त्याला,
दोनदा मुदत वाढवून घेतली.
"एकटा माणूस," म्हणाला, "आणि ते त्याला कळतं.
सुन्निवाला दे. नवरा गेल्यापासून
तिला आरडाओरडा सोसत नाही,
पण हे वाचेल."
सुन्निवानं वाचलं, आणि शेवटची तीन पानं नापास केली.
शिट्टी वाजल्यावर माणसानं बोलत राहू नये, असं तिचं मत.
त्यावरून दोघं माझ्या टेबलाशी
कॉफी गार होईपर्यंत भांडली,
आणि मी ते पुस्तक पुढे चौघांना दिलं,
भांडणासकट.

पण काहीही परत करताना हानुस एक विचारायचाच,
"चेंडू समुद्रात गेला तर काय होतं,
ते लिहिलंय का कुणी?"

नव्हतं लिहिलेलं.
पुस्तकांतली मैदानं शहरांच्या पोटात.
तिथं चेंडू गेलाच तर माणसांत जायचा,
आणि माणसं तो परत फेकायची.
आमचं मैदान धक्क्याला लागून,
तीन बाजूंना जाळी, चौथ्या बाजूला अटलांटिक.
एकतीस वर्षं हानुस होडीत बसून राहिला,
पाठ खेळाकडे, डोळे पाण्यावर.
गोल आपला की त्यांचा, ते ओरडण्यावरून ओळखायचा.
माझ्या वडिलांनी मारलेली ती पेनल्टी
त्यानं पाहिली नाही.
आणली मात्र.

जानेवारीत माळ्यावर क्लबची वही सापडली,
सामन्यांच्या नोंदींची.
शाई फुटलेली, कोपरे उंदरांनी खाल्लेले.
मी तिला कार्ड लावलं, शिक्का मारला,
आणि मंगळवारी काही न बोलता पुढे केली.

तो उभ्यानंच वाचत गेला.
पान सत्तेचाळीसवर थांबला.

'उत्तरार्ध. चेंडू समुद्रात. होडी गेली.
अकरा मिनिटं खेळ बंद.
मग गोल खाल्ला.'

एवढंच. नाव नाही.
त्या दिवशी टोपी रेडिएटरवरच राहिली.

पुढच्या मंगळवारी वही परत आली.
"अक्षर वाईट. शेवट नाही.
मधली दोन वर्षं कुणीतरी फाडून नेलीत,
आणि कुणी ते मला माहीत आहे.
पण दे लोकांना. दे."

तो गेल्यावर मी ते पान उघडलं.
'वाचनालयाच्या पुस्तकात लिहू नये'
ही पाटी मीच लावलेली, लाल अक्षरांत.
'अकरा'वर पेन्सिलीची बारीक रेघ होती.
शेजारी लिहिलेलं: सात. भरती होती.

मी खोडरबर काढलं,
थोडा वेळ हातात धरलं,
मग सुन्निवाला फोन लावला.
त्या सामन्याला ती होती.

ती म्हणाली, नऊ.