फणी

सोळा वर्षं झाली, मी केळीचा कंद कापते.
नशिराबादच्या अलीकडे आमची लॅब.
ब्लेड ज्योतीवरून फिरवायचं, निवू द्यायचं,
एकेक पापुद्रा काढत पोचायचं त्या पांढऱ्या टोकाशी
जिथे केळीनं अजून काहीच ठरवलेलं नसतं.
हरभऱ्याच्या डाळीएवढा तुकडा.
बरणीत अगार, साखर, संजीवकाचे थेंब,
आणि भिंतीवर पाटी : बोलू नये.

बोलायचं ते घरी. घरी लीलाधर, माझा थोरला भाऊ,
उभा जन्म सावद्याच्या काट्यावर घड तोलण्यात गेलेला.
डाव्या हंसळीखाली काडीपेटीएवढं यंत्र.
पहिलं बारा वर्षं पुरलं, दुसरं नऊ.
तिसऱ्यासाठी परवा पुन्हा तीच शिवण उसवली.
"चैनच बसवा म्हना डॉक्टरले," तो म्हणाला,
"घडीघडी टाके काय घालता."

यंत्र हुशार आहे, खोटं कशाला बोलू.
जिना चढला की अंग हललेलं ओळखतं, ठोके वाढवतं.
पण काल वॉर्डच्या दारात त्याची नात उभी राहिली,
दोन वर्षांनी आलेली, केस कापलेली,
आणि तो उताणा पडून होता, हललाच नाही.
पडद्यावर साठ.
डोळ्यांतून पाणी, आणि पडद्यावर साठ.

डॉक्टर फिरदोस पिंजारी माझ्या लेकीच्या वयाची.
आजोबा एरंडोलला गाद्या भरायचे, कापूस पिंजायचे;
बोलताना हिची बोटं टेबलावर वाजत राहतात.
तिला मी विचारलं, याच्यावर दुसरं काही नाही का?
म्हणाली, आहे, पण अजून काचेत आहे.
माणसाच्या कातडीची चिमूट घेतात,
तिला मागे नेतात, मागे, अजून मागे,
कातडी होण्याच्याही आधी,
मग हळूहळू शिकवतात ठोका द्यायला.
मोबाईलवर दाखवलं :
खसखशीएवढा पुंजका, गुलाबी पाण्यात,
एकटाच आकसत होता, सैल होत होता.
कुणी सांगितलेलं नाही. तार नाही. बॅटरी नाही.
नात दारात आली तर याला कळेल का?
कळावं, ती म्हणाली, म्हणूनच चाललंय सगळं.

मला राहवेना. म्हटलं, डॉक्टर,
आमच्याकडे हजारात एखादं रोप भलतंच निघतं.
पान चिंबलेलं, बुंधा खुजा, घडच धरत नाही.
आम्ही शेडनेटमध्ये उपटून फेकतो.
तुमचा एखादा पुंजका असा निघाला,
वाढतच सुटला,
किंवा भलत्याच वेळी ठोका देत बसला,
तर छातीत हात घालून कोण उपटणार?

बोटं थांबली.
"त्याचसाठी अजून जनावरांवरच आहे," ती म्हणाली.
मग जरा वेळानं, "तुम्ही किती शिकलात?"
"दहावी. आणि ब्लेड."

निघताना तिनं आणखी एक सांगितलं.
त्या पेशींत आपोआप एक प्रवाह सुरू होतो,
इतका उलटा, इतका चमत्कारिक,
की शोधणाऱ्यांनी त्याचं नावच ठेवलं फनी.
लीलाधर गुंगीत होता, तरी मान वळवली.
"फणी?" म्हणाला. "कितव्या नंबरची?
वरची दोन भरतात, खालची बारीक राहते,
तोलताना ध्यान ठेवजा."
फिरदोसला कळेना. मी सांगितलं, केळीची फणी.
ती हसली तेव्हा पहिल्यांदा दिसलं
की तिच्या एका दातावर दात आहे.

तो पंधरा दिवसांनी काट्यावर जाऊन बसेल,
काम नसलं तरी. वेल्डिंगवाल्यापासून लांब.
चौथ्या यंत्रापर्यंत तो आणि ती खसखस,
कोण आधी पोचतं बघू.
त्याचं म्हणणं, "माही कातडी घ्या म्हना,
जाडी हाये, मागं जायाले येळ लागीन."

सोमवारी कामावर गेले.
वाढीच्या खोलीत चाळीस हजार बरण्या, पांढरा उजेड,
पाटीनुसार सगळं गप्प.
एक बरणी उचलली आणि कानाला लावली.
वंदना मागून म्हणाली, "काय व, फोन आला का?"
हो म्हटलं.
आणि थोडा वेळ तशीच धरून ठेवली.