हे लिहू नका

हेइनो म्हणाले, हे लिहू नका, हेल्यू.
मी पेन उचललं.
सव्वीस वर्षं उचलतेय.
खिडकीबाहेर तार्तूची नदी,
मार्चमधला बर्फ कडेकडेने काळा पडत चाललेला.

पद एकच. दगडफुलांचा अभ्यास, कायमची नेमणूक.
अर्ज दोन उरलेले.

राइव्हो पार्नच्या कागदांत दोन वर्षं रिकामी.
शिडाच्या होडीतून तो पार अझोर्सपर्यंत गेला होता.
सगळे हसले, कौतुकाने. कुणीतरी म्हणालं, नजर रुंदावते.
ते मी लिहिलं.

सिर्ये वाहेरच्या कागदांतही दोन वर्षं रिकामी.
जुळ्या मुली. एकीच्या हृदयाला भोक.
कुणी हसलं नाही.
‘खंड’ असा शब्द आला
आणि बराच वेळ टेबलावर बसून राहिला,
बिस्किटांच्या बशीशेजारी.
तोही लिहिला.

तिने सारेमा बेटावरचे धोंडे मोजलेत,
एकेका धोंड्यावरचं एकेक दगडफूल,
वाढ वर्षाला अर्धा मिलिमीटर.
सोळा उन्हाळे, गुडघे टेकून.
शिफारशीत तिच्या गुरूने लिहिलंय: कष्टाळू.
त्याच गृहस्थाने राइव्होसाठी लिहिलंय: झेप आहे.
झेप! दगडफुलांच्या कामात!
मला हसू आलं, ते मी खोकल्यात दडवलं.

मग ती आत आली, ओले बूट दाराशी पुसून.
हेइनोंनी विचारलं, अगदी मायेने,
नातीला विचारावं तसं:
मुलींकडे कोण बघेल?
ती म्हणाली, त्यांचा बाप. दातांचा डॉक्टर आहे, चारला सुटतो.
राइव्होला तीन मुलगे.
त्यांच्याकडे कोण बघतं
ते आम्हाला अजून ठाऊक नाही.

हेच ते. लिहू नका म्हणाले ते.

संध्याकाळी मजल्यावर मी एकटी.
टाइप करता करता बोटं थांबली,
मग पुढे गेली.
प्रश्न, जसाच्या तसा.
विचारणाऱ्याचं नाव.
वेळ: तीन वाजून चाळीस मिनिटं.
सकाळी हेइनोंनी सही केली, न वाचता.
सव्वीस वर्षं न वाचताच करतात.

पद राइव्होला मिळालं. मुलगा चांगला आहे,
माझ्यासाठी दार धरून उभा राहतो.
सिर्ये जूनमध्ये बेटावर गेली म्हणे, स्वतःच्या पैशाने.

फाइल तळघरात आहे.
नियमाप्रमाणे सत्तर वर्षं जपायची.
तेवढ्यात दगडफूल
साडेतीन सेंटिमीटर.