साठ शब्द

शीला म्हणते, वरच्या चार ओळीच वाचतात लोक.
सहा सेकंद.
खालचं आयुष्य मग वाचलं तर वाचलं.

शीला म्हणजे इथली, ग्रिम्स्बीची.
गोदीवरच्या मासळीबाजारात तीस वर्षं हिशेब लिहिले,
आता दर मंगळवारी लायब्ररीत बसून
माझ्यासारख्यांचे अर्ज सरळ करून देते.
नाव ऐकून पहिल्या दिवशी मी तिच्याशी
मराठीतच बोलायला गेले होते.

"‘मी’ काढा. सारांशात ‘मी’ नसतो."
बरं.
आमच्याकडेही लहानपणापासून हेच सांगत आले,
फक्त तिकडे ‘मी’ गेला की बढाईही जायची.
इथे बढाई राहू द्यायची, ‘मी’ तेवढा उपसायचा,
मासा ठेवून काटा काढावा तसा.

मनातल्या मनात मराठीत करून पाहिलं:
पाणी तपासते. नमुने गोळा करते. नोंदी ठेवते.
‘मी’ काढला तरी क्रियापदाच्या शेपटाला
बाई लटकलेलीच.
इंग्रजीत मात्र साफ गेले.
मागे नुसतं कौशल्य,
खुंटीवरच्या ॲप्रनसारखं.

पहिला मसुदा:
मेहनती, प्रामाणिक, शिकण्याची आवड असलेली
शीलानं चष्मा कपाळावर सरकवला.
"आळशी, लबाड असं कुणी लिहितं का गं?"

दुसरा:
इचलकरंजी, पाणीपुरवठा विभाग, प्रयोगशाळा. अकरा वर्षं.
रोजचे चाळीस नमुने.
काविळीच्या साथीत एका गल्लीच्या नळाला
गटार मिसळतंय, हे आधी माझ्या काचनळीला कळलं,
मग साहेबांना. सही साहेबांची.
"साहेब नको. गल्ली लिही. घरं किती होती?"
दोनशे बारा.
इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं,
आणि आकडा तोंडात तयार होता.

"आणि इथली ही सहा वर्षं?"

ती सहा वर्षं.
सातव्या महिन्यात आलेली मुलगी, नऊशे ग्रॅम.
किती मिली दूध, किती वाजता, त्यातलं किती ओकली,
ऑक्सिजन किती, नखं निळी की गुलाबी,
सगळं वहीत, रकाने आखून.
श्रीरंग म्हणायचा, अगं, ही नमुना नाहीये.
माहितेय, म्हणायचे, आणि लिहायचे.
आता ती शाळेत जाते, इथल्या वळणाचं इंग्रजी बोलते,
बसस्टॉपवर माझे उच्चार दुरुस्त करते.

शीलानं एक शब्द टाइप केला. संगोपन.
सहा वर्षांना एक शब्द.
घासाघीस नाही केली मी.

रात्रपाळीला कॉडचे तुकडे खोक्यात भरते,
ते खाली, म्हणाली, अगदी तळाशी.

घसा सुकला होता. दाराजवळच्या नळाला बाटली लावली,
एक घोट घेतला आणि सवयीनं बोलून गेले:
जड आहे. चुनखडीचं. तीनशेच्या आसपास.
क्लोरीन सकाळपेक्षा कमी.

शीलानं कीबोर्डवरचे हात उचलले.
तीस वर्षं तिनंही बोटानं दाबून सांगितलं होतं
मासा कालचा की परवाचा,
हे तिच्या कुठल्याच कागदावर नाही.
"हे लिही," म्हणाली.
हे कसं लिहायचं?
"आता बोललीस तसं."

तसं नाही जमलं. जिभेचा अनुभव म्हणजे इंग्रजीत
भलतंच काही होतं, दोघी खूप हसलो,
पलीकडे पेपर वाचणाऱ्या आजोबांनी वर पाहिलं.
पण एक ओळ झाली. पाण्याची, दोनशे बारा घरांची.

मोजले. एकसष्ट.
शीला म्हणाली, एक काढावा लागेल.
मी वरपासून पुन्हा वाचत आले,
बोट स्क्रीनवर धरून, शाळेतल्यासारखं.
‘मेहनती’ कुठूनसा परत घुसला होता.